जमिनीपासून वीतभर

सायकलीवर पुन्हा बसायचं नाही, असं डॉक्टरनं प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर सांगितलं, तेव्हा शालिग्रामजींनी नुसती मान डोलावली. रेल्वेच्या ऑफिसात छत्तीस वर्षं काढली, पण कधी कोणाच्या स्कूटरवर मागे बसले नव्हते. रायपुरातल्या तात्यापाऱ्यातल्या घरातून सायकलीवर निघायचं, सदर बाजाराच्या गर्दीतून वाट काढायची, वाचनालयात पुस्तक बदलायचं आणि परतायचं. यात कोणाला काही मागावं लागत नसे. आता मुलाला, शेखरला, सवड कधी आहे हे विचारावं लागे. विचारण्यापेक्षा ते हातातलं पुस्तकच पुन्हा वाचत.

मग कुठंतरी त्यांच्या वाचनात रिकंबंट सायकल आली. आरामखुर्चीसारखी पाठ टेकायची, पाय पुढे ताणून पायडल मारायचं. दुखऱ्या जागेवर भार नाही. बुडत्याला काडी सापडली. पावणेदोन वर्षं त्यांनी अभ्यास केला. चाकं दोन की तीन, हँडल छातीपुढे की मांडीखाली, सगळं एका वहीत उतरवलं. भिंतीला पाठ लावून स्वतःच्या पायांची लांबी चारदा मोजली. चारदा वेगळी आली, तेव्हा आपल्याला धड मोजताही येत नाही, असं म्हणून वही मिटली.

"अहो, मले पसंत करायले तुम्हाले पंधरा मिनिटं नव्हती लागली," विमलाबाई म्हणाल्या.

शेवटी शेखरनंच माणूस हुडकला. नवा रायपूरमधला निरंजन बदली होऊन चालला होता आणि त्याच्याकडे दोन्ही तऱ्हेच्या सायकली विकायला होत्या. रविवारी सकाळी बापलेक तिथं पोचले.

शालिग्रामजींचं मन दोन चाकांच्या सायकलीवर होतं. तीन चाकांची पाहून पाऱ्यातले, मोहल्ल्यातले लोक काय म्हणतील, ही धास्ती. दोन चाकांच्या सायकलीची सीट खुर्चीएवढी उंच होती. एक पाय पायडलवर गेला, पण दुसरा जमिनीवरून सुटला की सायकल कलंडे. पाचव्यांदा शेखर मागून सीट धरून धावला. ते पाहून निरंजननं नजर दुसरीकडे वळवली, आणि ते शालिग्रामजींना हसण्याहून जास्त लागलं.

मग तीन चाकांची पुढे आली. सीट जमिनीपासून वीतभर. शालिग्रामजी धप्पकन तिच्यात बसले आणि निघाले.

कुठंच दुखलं नाही. रुंद, रिकामा रस्ता पायांच्या मधून येत होता. पुढच्या चौकात आपण कोणाला न विचारता आलो, हे त्यांच्या लक्षात आलं आणि डोळे भरून आले. कडेच्या झाडाखाली जरा उभं राहावं म्हणून त्यांनी ब्रेक दाबले.

उठता येईना.

गुडघे छातीपाशी, धरायला काही नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा रेटा दिला. सायकलच मागे सरकली. गुडघ्यांमुळे गेली पाच वर्षं घरच्या श्राद्धालाही सगळे पाटावर बसत आणि त्यांचं पान तेवढं टेबलावर वाढलं जाई. जमिनीवरून उठायची वेळच आली नव्हती. सीटची उंची त्यांनी वहीत लिहिली होती, खाली रेघही मारली होती. तिच्यावरून उठावं लागतं, हे मात्र एकाही पानावर नव्हतं.

दुभाजकातल्या रोपांना पाणी घालणारी बाई थांबली. "का होगे बबा? उठा दंव का?" म्हणत तिनं उठवायला हात पुढे केला.

"नहीं बाई, सुस्ता रहा हूँ," जरा विसावल्यासारखं दाखवत ते म्हणाले आणि पायडल मारू लागले.

परत येताना शेखर मोबाइल धरून उभा दिसला. थांबलं की मागावं लागणार. ते थांबले नाहीत. त्याच्यासमोरून गेले, वळले, पुन्हा आले. शेखर फोनवर आईला सांगत होता की बाबा उतरायलाच तयार नाहीत, लहान पोरासारखे खूश आहेत. चौथ्या फेरीला मांड्या थरथरू लागल्या. सहाव्या फेरीला पाय आपसूक थांबले, ते नेमके शेखरच्या पुढ्यात.

"तो फाइनल ना, बाबा? उठो, चाय पीते हैं."

शालिग्रामजी समोर बघत हलकेच म्हणाले, "शेखर, मले उचल."

शेखरनं काखेत हात घालून उचललं. "बस, इतनी सी बात? मैं रोज़ बिठा दूँगा, रोज़ उठा दूँगा," तो म्हणाला, आणि ते मनापासूनच होतं.

"वाचनालयापाशी कोण उचलन?"

चहाचे कप घेऊन आलेल्या निरंजननं विचारलं, तर काका, कोणती द्यायची?

"कोणतीच नाही," शालिग्रामजी म्हणाले. "तुम्हाले उगाच तरास दिला."

शेखरच्या गाडीची सीट उंच होती. तिच्यात ते एकटे चढत-उतरत, कधी अडलं नव्हतं. पण घरी पोचताच शेखर वळसा घालून त्यांच्या बाजूला आला, दार उघडलं आणि न सांगता त्यांच्या काखेत हात घातला. शालिग्रामजींनी तो काढला नाही.