सीताफळाच्या बियांची पूड

शेवंताबाईंच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. ऑपरेशन उन्हाळ्यात करायचं ठरलं होतं. तोवर सगळी भिस्त उजव्या डोळ्यावर, आणि पूड गेली ती नेमकी त्याच डोळ्यात.

गेल्या साली बियाण्याच्या हुलग्याला भुंगे लागले होते. पेरायला मडकं उघडलं तर दाण्यादाण्याला भोक. म्हणून गडमुडशिंगीच्या बचत गटात कुणीतरी सीताफळाच्या बियांचा उपाय सांगितला, तेव्हा त्यांच्या सुनेनं, संघप्रियानं, तो मनावर घेतला. खाल्लेल्या सीताफळांच्या बिया तिनं धुऊन वाळवून ठेवल्या. नवरा, नागसेन, कागलच्या एमआयडीसीत कामाला गेल्यावर सासू-सुना अंगणात बसल्या. सून उखळात बिया कुटत होती, सासू पूड हुलग्याला चोळत होती.

"आत्ती, तोंडाला फडकं बांधा की."

"कशाला? झाडाचंच हाय न्हवं? फवारणीचं औषध थोडंच हाय!"

बोलता बोलता त्यांनी डोळा चोळला, पूड लागलेल्या हातानंच. दुसऱ्या क्षणी त्या ओरडल्या. संघप्रियानं घागरभर पाणी डोळ्यावर मारलं, तरी आग थांबेना. डोळा लालभडक झाला, पापणी उघडेना.

शिटा भरून कोल्हापूरला निघालेल्या वडापच्या जीपमध्ये सासूनं तिचा हात घट्ट धरला होता.

"ऊन गेलं का गं?"

बाहेर लख्ख ऊन होतं.

"पुडीचं कुणाला सांगू नगं," शेवंताबाई हळूच म्हणाल्या. "नागसेन तुलाच बोलंल."

कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय गेलं डोळ्यात?"

"भुसा," शेवंताबाई म्हणाल्या आणि सुनेचा हात दाबला.

बाई थेंब लिहून द्यायला लागल्या. संघप्रियानं आपला हात सोडवून घेतला.

"भुसा न्हाय, मॅडम. सीताफळाच्या बियांची पूड हाय. मीच कुटलीया."

बाईंचं पेन थांबलं. "आधी सांगायचं नाही का?" त्यांनी शेवंताबाईंना आडवं केलं, पापणी उलटी करून बराच वेळ डोळा धुतला, आत चिकटलेले कण काढले आणि औषध घालून पट्टी बांधली.

"बुबुळ सोलल्यासारखं झालंय."

"दिसंल न्हवं?" संघप्रियानं विचारलं.

"आत्ताच सांगता येत नाही. उद्या बघू."

संध्याकाळी नागसेन कामावरून घरी आला. त्यानं बूट काढायच्या आतच संघप्रियानं सगळं सांगून टाकलं. तो तसाच आईजवळ जाऊन बसला. ओरडला असता तर बरं, असं तिला वाटलं.

"तिला बोलू नगंस," शेवंताबाई म्हणाल्या. "फडकं बांधा म्हणाली हुती ती. मीच ऐकलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तर समोर नुसतं धुकं. पुन्हा औषध, पुन्हा पट्टी. सासूला हाताला धरून न्हाणीपर्यंत न्यायचं, भाकरी कुस्करून भरवायची, आणि दर खेपेला मनात तोच विचार : हे असंच राहिलं तर?

पुढच्या तपासणीला पट्टी सुटली, तेव्हा शेवंताबाई सुनेकडे टक लावून बघत राहिल्या.

"किती वाळलीस गं."

संघप्रिया तिथंच, दवाखान्याच्या बाकावर बसून रडली.

घरी येऊन तिनं उरलेली पूड घरामागच्या परड्यात खोल पुरली. राहिलेल्या हुलग्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. भुंगे त्यानं थांबतील की नाही, तिला ठाऊक नव्हतं. उखळ तिनं राखेनं घासून घासून धुतलं, तरी त्यात चटणी कुटायला पुढं कितीतरी दिवस तिचा हात धजावला नाही.