अळवाच्या व्हिडिओचं नाव

"व्हिडिओ कुणी बघत नाय, धोंडूकाका. जग चालतं ते नावावर!" परळच्या चाळीत, गॅलरीच्या कठड्याला टेकून निलेशनं जाहीर केलं. ह्या निलेशचे स्वतःचे व्हिडिओ फक्त त्याची आई बघायची, तेही मुलगा घरी कधी येतोय ह्याचा अंदाज घ्यायला.

धोंडूचा व्हिडिओ अळवाचा होता. गावाहून गोणीत आणलेली तांबडी माती, तेलाचे रिकामे डबे, आणि त्यात श्रावणात माजलेलं अळू. गिरणी गेली, पण म्हाताऱ्याची शेती अशी दाटली होती की शेजारणीला कपडे वाळत घालायला दोरी उरली नव्हती. गावाकडं भावकीनं हे बघावं, एवढीच त्याची भूक. नाव ठेवलं होतं 'डब्यात अळू कसं लावावं'. भावकीतलं कुत्रंही फिरकलं नाही.

"नावात रडं पायजे," निलेश म्हणाला. "सून पायजे."

"सून आसा माझी. बरी आसा."

"बऱ्या सुनेला कोण बघतंय, काका?"

त्यानं नवं नाव घातलं: 'सुनेनं घराबाहेर काढलं, आजोबा डब्यात पिकवून पोट भरतात!' खाली वर्णन: 'पावसापाण्यात गॅलरीत झोपणाऱ्या आजोबांची कहाणी. शेवट पाहून रडाल.'

धोंडूनं वाचलं, खाकरला आणि अळवाला पाणी घालायला वळला.

दुसऱ्या दिवशी गाव रडलं. सुनेचं, सुचित्राचं, माहेरही रडलं, पण फोनवर आणि शिव्या घालून. नळावर बायका तिला जागा देईनात. सासऱ्याला पेज देऊन, गुडघ्यांना तेल चोळून मग कामावर पळणारी बाई, ती मोबाईल घेऊन समोर उभी राहिली.

"मामांनू, झोपता कुठं तुम्ही?"

"आत. खाटीर."

"पंखा कुणाच्या डोक्यावर?"

"माझ्या."

"मग नाव बदला. आत्ताच्या आत्ता."

निलेशनं बोट तयार ठेवलं. "बदलू? पण सगळे पळणार हां, काका. तुमच्या चुलतभावानं आत्ताच लिवलंय, 'धोंडूदादा, अळू एक नंबर.'"

चुलतभाऊ! बांधाच्या भांडणापासून तोंड फिरवून बसलेला! धोंडूनं अळवाकडं पाहिलं. सुनेकडं नाही.

"चार दिस ऱ्हवांदे रे."

सुचित्रा आत गेली, सासऱ्याची गादी, उशी, तांब्या बाहेर आणला आणि डब्यांच्या मधोमध अंथरूण घातलं.

"लिहिलेलं खोटं पडायला नको."

कडी लागली. आतून धोंडूचा मुलगा दीपक एकदा खोकला. तेवढीच त्याची बाजू.

मग तिरकी सर आली. अळू न्हाऊन डुलायला लागलं. गादीनं पोटभर पाणी पिऊन घेतलं, मग म्हाताऱ्याची पाळी आली. निलेश मोबाईल उगारून धावला. "हलू नका, काका! आता कसं, वर्णनाबरहुकूम!"

धोंडू कुडकुडत उठला, दारावर थाप मारली. पावलं दाराशी येऊन थांबली.

"सुचित्रा, गो बाय..."

"बोला."

बोलायचं पुष्कळ होतं. तिनं वाटही पाहिली.

"जरा छत्री दी. माका नको गो. निलेशच्या मोबायलार पाणी पडताहा."