गल्ल्यातले सुट्टे

त्या बाईंचं पत्र येऊन एकोणीस वर्षं झाली. मी ते जाड शब्दकोशात ठेवलं होतं. शब्द शोधताना नेमकं तेच हाताला लागायचं आणि मी शब्द विसरून जायचो.

'तपासणीचे पैसे भरायला आले, तर तुम्ही मला सुट्टे आणायला बाहेर पाठवलंत. परत आले ती रांगेच्या शेवटी. पावती घेऊन वर पोचेपर्यंत वडील गेले होते. तक्रार नाही. एवढंच विचारायचंय, तुमच्या गल्ल्यात सुट्टे खरंच नव्हते का?'

सरकारी इस्पितळात मी एकतीस वर्षं रोखपाल होतो, खिडकी क्रमांक तीन.

गेल्या आठवड्यात नव्या अधीक्षक बाईंनी बोलावलं. पैसे भरायच्या खिडक्यांचं काम सुधारायचं होतं. मी पानभर मुद्दे लिहून नेले आणि खिशातच ठेवले.

"काका, बोला की."

"मी काय सांगणार..."

"हे असेच, मॅडम!" माझ्या हाताखाली शिकलेला, आता त्याच खिडकीवर बसणारा रोखपाल हसला. "दिवसभरात चार शब्द बोलायचे. त्यातले दोन, 'सुट्टे आणा.' आणि गल्ला बघावा तर चिल्लरीनं काठोकाठ!"

सगळे हसले. सवयीनं मीही.

"अजून तसंच करता?" मी विचारलं.

"मग! दुपारच्या गर्दीला राखून ठेवायचे. गुरुमंत्र आहे तुमचा."

"ते आधी बंद करा." माझा आवाज मलाच मोठा वाटला. "सुट्ट्यांसाठी कुणाला रांगेतून हलवू नका. नसलेच, तर पावती आधी द्या. उरलेले पैसे मागाहून."

बाईंनी लिहून घेतलं. "अजून काही?"

"नाही. एवढंच."

घरी येऊन लिहायला बसलो. बायको म्हणाली, "इतक्या वर्षांनी? ती बाई त्या पत्त्यावर असेल तरी का?"

"नसेलही."

"मग?"

मी कागद पुढे ओढला. चार कागद फाडले. प्रत्येकात गर्दी, नियम, वरिष्ठ, असं काहीतरी शिरत होतं. शेवटी एकच ओळ उरली: 'गल्ल्यात सुट्टे होते.' खाली सही केली, खिडकीचा क्रमांक घातला.

कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकलं. पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून फटीत बोटं घालून पाहिली. गेलं होतं.