शाडलींचा उजवा पाय

कल्पना करा, बाळांनो, की खाली एक जड लाकडी चाक आहे आणि ते तुम्ही उजव्या पायाने ढकलताय. पाय थांबला की चाक थांबलं. चाक थांबलं की वरचा ओला घडा बसलाच म्हणून समजा.

आमच्या ‘ग्वेलाला’ नावाच्या गावात शाडली कुंभारांनी पन्नास वर्षं असेच घडे केले. मग त्याच पायाच्या अंगठ्याला जखम झाली. त्यांना मधुमेह, वर दिवसाला दीड पाकीट सिगारेट. जखम भरेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिगारेट ठेवा नाहीतर पाय ठेवा."

"पाय माझा आहे!" शाडली गुरगुरले.

"म्हणून तर तुम्हालाच विचारतेय."

सिगारेट सुटावी म्हणून दंडाला निकोटिनच्या पट्ट्या लावून झाल्या, जमलं नाही. शेवटी ई-सिगारेट आली. बाईंनी बजावलं, "हीसुद्धा निर्दोष नाही. साखर रोज तपासा, पुढे हीही सोडायचीय. पण सिगारेट एकसुद्धा नको. दोन्ही चालू ठेवलंत तर काही उपयोग नाही."

शेजारचा तय्यब ते यंत्र बघून हसला. "म्हातारपणी बासरी शिकतोस काय रे?"

"शिकतोय. तुझ्या मयताला वाजवीन!"

तरीही जखम भरेना. का, ते शाडलींच्या नऊ वर्षांच्या नातीला, दोजाला कळलं. दोजा शाळा सुटली की आजोबांची माती मळायची. एके दिवशी मातीत तिच्या बोटांना सिगारेटचं थोटूक लागलं.

"आजोबा, हे काय?"

शाडली आधी खोकले. "तय्यबनं दिलेली. मी विकत घेतली नाही हां! आपल्याकडे पुढे केलेली सिगारेट नाकारत नाहीत. कानामागे तरी खोचावीच लागते. आणि दिलेली हिशेबात धरायची नसते."

"तुमचा अंगठा धरतो ना पण."

शाडलींनी पायाच्या पट्टीकडे पाहिलं. मग चाक जोरात ढकललं.

तेवढ्यात तय्यब आला. नेहमीसारखं पाकीट उघडून त्याने एक सिगारेट पुढे केली.

"नको," शाडली म्हणाले.

"नको? माझ्या हातची नको?"

"नको म्हटलं ना!"

"चाळीस वर्षांची मैत्री, आणि हा अपमान?"

शाडलींचा पाय मंदावला. घडा डुगडुगू लागला. मातीने भरलेला हात हळूहळू सिगारेटकडे निघाला.

दोजा उठली. तिने दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, ती सिगारेट स्वतः घेतली. मातीच्या गोळ्यात खुपसली आणि कोपरापर्यंत जोर लावून मळून टाकली.

"घेतली की आमच्या घरानं! अपमान कुठे झाला, तय्यब आजोबा?"

मग तिने चिखलाचा तळवा पुन्हा त्याच्यापुढे धरला.

"द्या, अजून द्या. पाकिटात असतील तेवढ्या."