बाईंच्या फीडमधली बत्तिशी

कवळ्या करणाऱ्या त्या प्रयोगशाळेत दाढा झटपट घडवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळे त्याला दाढोबा म्हणत. समोरासमोर तो गरीब गाय. मनातलं सगळं मात्र 'बत्तिशी' या निनावी ब्लॉगवर ओकायचा. तिथे मालकीणबाईंची सालटी निघत.

बाईंच्या कॉम्प्युटरवर फीड रीडर लावून दिला तोही त्यानेच. "आता साइट शोधत फिरायचं नाही बाई. नवीन काही आलं की आपसूक इथे येतं."

"मग ती बत्तिशीपण घाल त्यात. कोण मेला लिहितो ते कळू दे, त्याचेच दात त्याच्या घशात घालते."

दाढोबाने स्वतःच्या हाताने स्वतःचा ब्लॉग जोडला. पायावर धोंडा सगळेच मारून घेतात; याने तो घासूनपुसून, चकचकीत करून मारला.

प्रत्येक कामाच्या चिठ्ठीखाली आपलं नाव आणि टेबल लिहायचं, हा बाईंचा दंडक. हाताला तीच सवय. काल संध्याकाळी ब्लॉगवर नवा लेख टाकताना त्याखालीही हाताने लिहून टाकलं: दाढोबा, टेबल चार.

"अहो, खाली नाव कुणाचं हे?" बायकोने विचारलं, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं. त्याने लेख उडवला.

"काढलात ना? मग जेवा आता."

तो जेवला. हात धुताना आठवलं, साइटवरून पुसलं तरी फीडमध्ये येऊन पडलेलं तसंच राहतं.

सकाळी आत पाऊल टाकतो तोच हाक आली. "दाढोबा, अक्षर मोठं कर रे जरा. दिसत नाही मेलं."

यादीत सगळ्यात वर तोच लेख, ठळक, न वाचलेला. बाईंनी तो उघडला. त्याने अक्षर मोठं केलं. नकार द्यायला कारण सुचेना.

बाई वाचू लागल्या. स्वतःच्या चालीचं वर्णन वाचून चक्क हसल्या. "लिहितो बरं मात्र! घे खाली."

दाढोबाने माऊसच्या चाकावरचं बोट उचललं.

"थांबलास का? घे की."

त्याने घेतलं. हसू थांबलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "ती वरची कवळी आज द्यायचीय. तेवढी संपव."

"आणि मग, बाई?"

बाईंनी पडद्याकडे तोंड केलं. "आधी संपव."

दाढोबा टेबल चारवर जाऊन बसला. आज पहिल्यांदाच तो दाढ सावकाश घासत होता.