फ्लेक्सवरची डॉक्टर

सोसायटीच्या फाटकाला बांधलेल्या फ्लेक्सची गाठ काही केल्या सुटेना, तेव्हा कल्पिता वॉचमनच्या स्टुलावर चढली आणि सुतळी दातांनी तोडू लागली. फ्लेक्सवर तिचाच हसरा फोटो होता. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं : अमेरिकेत स्वतःचं क्लिनिक चालवणारी आपल्या डोंबिवलीची लेक, डॉ. कल्पिता म्हात्रे हिला महिला दिनाच्या शुभेच्छा.

दूध घेऊन परतणारे म्हात्रे सर लेकीला तिथे पाहून जागीच थांबले. फ्लेक्स त्यांनीच विठ्ठलवाडीहून छापून आणला होता. पस्तीस वर्षं शाळेत घालवलेला माणूस. मजकूर त्यांनी तीनदा तपासला होता.

"अगं, काय करतेस? लोक बघतायत."

"बाबा, शेजारच्या सिद्धेशने ह्याचा फोटो फेसबुकवर टाकलेला. मला टॅग करून."

"मग? चांगलंच केलं की त्याने."

आता सांगितल्यावाचून सुटका नव्हती. सहा वर्षांपूर्वी ती अमेरिकेला गेली ती मयूरची बायको म्हणून. त्या व्हिसावर राहता येतं, मूल वाढवता येतं, काम मात्र करता येत नाही. वर्तकनगरच्या दवाखान्यात दिवसाला वीस जणांचे खांदे-गुडघे वळवणारी फिजिओथेरपिस्ट तिकडे दुपारभर टॉवेलांच्या घड्या मोडून पुन्हा घालायची. बाबा दर रविवारी फोनवर विचारायचे, क्लिनिकचं कुठवर आलं? आधी तिने "होईल सुरू" म्हटलं, मग "झालं", मग "बरं चाललंय". खरं सांगायची लाज वाटत गेली आणि खोटं वाढत गेलं, ते आता फोटोसकट फाटकावर टांगलेलं होतं.

आईच्या वर्षश्राद्धाला म्हणून ती तीन आठवड्यांसाठी एकटीच आलेली. परतायला पासपोर्टवर नवा व्हिसा हवा होता, आणि त्याची मुलाखत ऐन वेळी तीन महिने पुढे गेली. चार वर्षांची रुचिता तिकडे मयूरपाशी. पहिल्या महिन्यात ती फोनवर रडायची. आता रडत नाही. मयूरने बोलावलं तरी फोनवर येत नाही, खेळत बसते. मुलाखत उद्यावर आली होती, आणि नव्या नियमाप्रमाणे कल्पिताचं फेसबुक तपासणीसाठी सगळ्यांना उघडं होतं. तिने सांगितल्यावर सिद्धेशने सकाळी तो फोटो फेसबुकवरून हटवला, पण तोवर अकरा जणांनी तो पुढे पाठवला होता. परवानगी नसताना क्लिनिक चालवते असं व्हिसावाल्यांना वाटलं, की व्हिसा संपला. मग लेक कुठे आणि ती कुठे.

हे सगळं तिने स्टुलावर उभ्याउभ्याच सांगितलं. बाबांच्या तोंडाकडे तिला बघवत नव्हतं.

दुधाची पिशवी सरांनी फाटकाच्या गजाला अडकवली, वॉचमनकडून सुरी मागून घेतली आणि उरलेल्या सुतळ्या कापल्या. फ्लेक्सची गुंडाळी काखोटीला मारून ते पुढे झाले. जिन्यात दोनदा थांबले.

कल्पिताच्या प्रत्येक तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी सर परीक्षक होऊन टेबलापलीकडे बसायचे. घरात पाऊल टाकल्यावर ते आजही तसेच बसले. चष्मा लावला, समोर कोरा कागद घेतला, बरोबर उत्तराला खूण करायला. तिचं नाव विचारलं. नवऱ्याचा हुद्दा विचारला. प्रत्येकी एक खूण केली. मग घसा खाकरला.

"तुम्ही तिकडे काय करता?"

"काही नाही."

"पुटपुटू नकोस. खाली बघून बोललीस तर खोटं वाटतं."

तिने मान वर केली.

"मी काहीच करत नाही."

सरांचं पेन बराच वेळ कागदावर नुसतं टेकलेलं होतं. मग त्यांनी खूण केली.

"बरोबर," ते म्हणाले, आणि पुढचा प्रश्न त्यांना आठवेना.