उपडी वाटी

फाल्गुनातली सकाळ. कृष्णाकाठी पाटलांच्या मळ्यात हळद शिजत होती, आणि वाफेचे पीतवर्ण, गंधभारले लोट उसाच्या शेंड्यांवरून सावकाश गावाकडे सरकत होते. ऊन कोवळं होतं, सुवर्णकोमल होतं, पण आज त्याला घाई होती. ते ओट्यावरून उंबऱ्यावर आलं, उंबऱ्यावरून माजघरात शिरलं, आणि तिथं अडायला काहीच उरलं नव्हतं म्हणून थेट मागच्या भिंतीपर्यंत जाऊन पोचलं.

त्या भिंतीशी चंपाबाई उभ्या होत्या. भिंतीवर कपाटामागचा पांढरा चौकोन होता, देवांच्या फोटोमागचा होता, अण्णांच्या तसबिरीमागचाही होता. अण्णांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, हौसेनं बांधलेलं हे चार खोल्यांचं घर आता विकलं गेलं होतं आणि पुढच्या आठवड्यात नवा मालक ते पाडणार होता. मुलगा भरतेश आईला कायमचं ऑकलंडला न्यायला आला होता. दुपारी निघायचं होतं. सगळं आवरून झालं होतं, राहिली होती फक्त कवडी.

कवडी ही मांजरी. शुभ्र अंगावर हळदी ठिपके, शेपटीला काळं टोक, डोळे पिकल्या लिंबाच्या रंगाचे. अण्णा गेले त्या वर्षी ती कुठूनशी आली आणि कुणाला न विचारता त्यांच्या खुर्चीत झोपू लागली. चंपाबाईंनी तिला दोनदा हाकललं आणि मग मुकाट्यानं दूध घातलं. तेव्हापासून या घरात त्यांना बोलायला कुणीतरी होतं.

शेजारच्या सुशीलानं कालच बजावलं होतं. "मी दूध घालीन की चंपाक्का, पण ते मांजर बसणार तुमच्याच घरात. आणि जेसीबी आला म्हंजे? आत काय हाय ते बघतंय कोण? नदीपल्याड तुमच्या नणंदंकडं नेऊन सोडा. पोत्यात घाला, तोंड घट्ट बांधा. वाट दिसू द्यायची नाही. वाट दिसली की परत येतंय बघा."

वाट दिसू द्यायची नाही. चंपाबाईंनी पायरीवरची स्टीलची वाटी घासली, पुसली आणि उपडी ठेवली. इथलं दूध संपलं, एवढंच त्यांना तिला सांगायचं होतं.

आणि कवडी सापडेना.

भरतेशनं माळा पाहिला, न्हाणीघर पाहिलं, परड्यातली सरपणाची रास उलथीपालथी केली. दारात उभ्या गाडीचा हॉर्न वाजला आणि अंगणातल्या कडुलिंबावरची साळुंकी उडाली. "आई, उशीर होतोय," तो म्हणाला. "नसेल मिळत तर राहू दे." सापडली नाही तर ती मातीखाली जाणार होती, आणि सापडली तर पोत्यात.

चंपाबाई पायरीवर बसल्या आणि रोजच्या सुरात त्यांनी हाक मारली, "कवडे, ये गं."

ती आली. लिंबाच्या फांदीवरून कुंपणावर, कुंपणावरून अंगणात, शेपटीचं काळं टोक उंच धरून, निःशंक, निर्भय, ती आली. उपड्या वाटीचा तिनं वास घेतला. मग चंपाबाईंच्या गुडघ्याला डोकं घासलं. विश्वासानं आलेल्या त्या जिवाला त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि पोत्यात घातलं. गाठही त्यांनीच मारली.

गाडी निघाली. मांडीवर पोतं होतं आणि पोत्यात आकांत होता. गुऱ्हाळाच्या वळणावर काकवीचा ऊन, गोड वास आत आला. मग पूल आला, सांध्यांवर चाकं खडखडली, नदीचा गार वारा लागला. तेवढ्यात चंपाबाईंना दिसलं की पोत्याला एक भोक आहे, आणि त्या भोकातून लिंबाच्या रंगाचा एक डोळा बाहेर बघतो आहे. त्यांनी भोकावर तळहात दाबला.

नखं लागली. तळहातावर लाल रेघा उमटल्या.

"आई, रक्त येतंय."

"येऊ दे."

त्यांनी हात काढला नाही. हळूहळू आतली धडपड शमली, आणि एक खरखरीत, ओली, ऊबदार जीभ तोच तळहात चाटू लागली. तेव्हा मात्र चंपाबाईंना रडू आवरेना.

नणंदेच्या घरी, दार लावलेल्या कोठीच्या खोलीत, पोतं सोडलं. कवडी कणगीमागं जाऊन बसली ती बाहेर आलीच नाही. नणंद म्हणाली, "जावा आता वैनी. मागं बघू नका." चंपाबाईंनी मागं बघितलं नाही.

परत आल्यावर सामान गाडीत चढलं, दाराला कुलूप लागलं. सुशीलानं हातावर दही-साखर ठेवली. दही आंबट होतं, ओरखड्यांना झोंबलं. चंपाबाईंनी ते खाल्लं, उंबऱ्याला हात लावला आणि गाडीत बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी पदर डोक्यावरून पुढं, हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

"हे काय आई? शेवटचं बघून तरी घे."

"नको. वाट दिसू द्यायची नाही."

पदर विरळ होता, उजेड आत झिरपत होता. त्यांनी डोळ्यांवर तोच ओरखडलेला तळहात ठेवला. आता अंधार झाला. घर नाही, पायरी नाही, लिंब नाही.

गाडी सकाळच्याच वाटेनं निघाली. अंधारात हळदीचा वास आला, आणि पाटलांचा मळा आला. अंग डावीकडं झुकलं, काकवी दरवळली, आणि गुऱ्हाळ आलं. सांधे खडखडले, गार वारा पदराखाली शिरला, आणि पूल आला, नदी आली. डोळे मिटलेले होते आणि वाट उलगडत होती, वासावासानं, वळणावळणानं, थेट आपल्या पायरीपर्यंत.

चंपाबाईंनी डोळ्यांवरचा हात काढला. पोत्यातही हेच वास आले असणार.

"गाडी थांबव."

"आई, विमान—"

"थांबव म्हणते ना. सुशीलाला फोन लाव."

पुलाच्या टोकाशी गाडी थांबली. "सुशीला," त्या म्हणाल्या, "माझ्या पायरीवरची वाटी तुझ्या पायरीवर घे. सुलटी कर. कवडी परत येणार गं. आली की आत घे, दार लाव, घर पाडून होईपर्यंत सोडू नकोस. आत्ता ठेव वाटी. मी ऐकते."

फोनमध्ये चपला वाजल्या. फाटक करकरलं. मग दगडावर वाटी टेकल्याचा बारीक, स्वच्छ नाद आला, आणि त्यामागून दुधाची धार.

चंपाबाईंनी पदर मागं सारला. नदीपलीकडं पिवळी वाफ तरंगत होती, आणि वाफेमागं गाव होतं. इतक्या दुरून काही दिसत नव्हतं, पण त्यांना दिसलं. पायरीवर वाटी, वाटीत दूध, दुधात दुपारचं आभाळ.